चांदी, गंधक आणि सोने : जुन्या छायाचित्रांच्या रंगाची हकीकत

आजचा विषय आपणांपैकी बहुतेकांच्या घरी भिंतीवर टांगलेला आहे. साताऱ्याच्या पेठांतला एखादा जुना वाडा घ्या, नाही तर सांगलीच्या गावभागातले एखादे घर घ्या. सोप्यात पाऊल टाकले की समोरच्या भिंतीवर चौकटींची एक रांग दिसते. पगडी घातलेले पणजोबा, खुर्चीच्या कडेवर अवघडून बसलेली पणजी, काठी टेकून उभे राहिलेले आजोबा आणि नुकतीच मुंज झालेला एक मुलगा. ही रांग आपण इतक्या वेळा पाहिलेली असते की पुढे पुढे आपण तिच्याकडे पाहतच नाही. आज मात्र तिच्यातील एका गोष्टीकडे आपण लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे. या सगळ्या फोटोंचा रंग सारखा नसतो. एक पिवळट पडून इतका विटलेला असतो की नाक-डोळे अंदाजाने ओळखावे लागतात. त्याच्या शेजारचा कातासारखा तपकिरी असतो, पण त्यात उपरण्याची घडी न् घडी स्वच्छ दिसते. तिसऱ्याच्या काळ्या रंगात किंचित निळी झाक असते.

विटलेला फोटो पाहून आपण सहज म्हणतो, "फार जुना आहे हो, पिवळा पडायचाच." परंतु चौकट उतरवून मागची तारीख वाचली तर कधी कधी असे आढळते की, तपकिरी आणि स्वच्छ दिसणारा फोटो हाच वयाने वडील आहे आणि विटलेला त्याच्यामागून दहा-वीस वर्षांनी काढलेला आहे. तेव्हा केवळ वय हे कारण पुरत नाही. मग एकाच भिंतीवर, एकाच हवेत, एक फोटो का टिकला आणि दुसरा का गेला? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात छायाचित्रकारांची एक पिढी खर्ची पडली. त्या शोधातून जी विद्या निघाली तिला स्टुडिओतली मंडळी टोनिंग म्हणत. ती विद्या केवळ शोभेची होती असा आपला समज आहे. तो बरोबर नाही, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम, काळा-पांढरा फोटो म्हणजे काय ते पाहू. तो म्हणजे कागदावर बसवलेली चांदी होय. कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात चांदीचे क्षार मिसळलेले असतात. जेथे प्रकाश पडतो तेथील क्षारांतून डेव्हलपर नावाचे द्रावण शुद्ध चांदी मोकळी करते. ही चांदी इतकी बारीक असते की ती चकाकत नाही, काळी दिसते. जेथे प्रकाश पडला नाही तेथील क्षार हायपोच्या द्रावणात विरघळून निघून जातात. म्हणजे पणजोबांच्या काळ्या कोटात चांदी पुष्कळ आहे, गालावर थोडी आहे आणि पांढऱ्या धोतरात जवळजवळ नाहीच.

ही गोष्ट आपल्या मुलखातील लोकांना फार समजावून सांगण्याची गरज पडू नये. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी आणि सातारा जिल्ह्यातील माण-खटाव हे पावसाने पाठ फिरवलेले तालुके. तेथून पोटासाठी बाहेर पडलेली माणसे गलाईचा, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा, धंदा घेऊन देशभर पसरली. विट्याचा माणूस भेटला नाही असे सराफकट्ट्याचे शहर सापडणे कठीण. स्टुडिओतील वापरलेल्या हायपोत आणि दवाखान्यातील जुन्या एक्स-रे फिल्ममध्ये चांदी असते व ती काढून घेता येते, हे या धंद्यातील माणसाला सांगावे लागत नाही.

आता चांदी म्हटली की तिच्या मागे तिचा जुना वैरी आलाच. देवघरातील चांदीचे तबक महिनाभर घासले नाही तर काळवंडते. हवेत अत्यल्प प्रमाणात गंधकाची वायुरूप संयुगे असतात. कोळशाच्या धुरातून, सडणाऱ्या कचऱ्यातून ती येतात. चांदीशी त्यांचा संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइड तयार होते. तबकावर हा थर काळा दिसतो. फोटोतील चांदीचे कण मात्र इतके सूक्ष्म की त्यांच्यावर दमट हवेचा आणि गंधकाचा हल्ला झाला की ते विस्कटतात आणि त्यांचा रंग पिवळट, फिका होतो. जेथे चांदी मुळात थोडी, तेथे हानी आधी दिसते. म्हणून विटलेल्या फोटोत कोट शिल्लक राहतो आणि चेहरा जातो. ज्याच्यासाठी फोटो काढला तेच आधी नाहीसे व्हावे, हा या कलेला जन्मतःच लागलेला शाप होता.

या कलेचा जन्म आणि साताऱ्याच्या इतिहासातील एक दुःखद प्रसंग हे जवळजवळ एकाच मुहूर्तावर घडले. १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये दागेर याच्या छायाचित्रणाची कृती जाहीर करण्यात आली. त्यानंतर तीन आठवडे उलटण्याच्या आत साताऱ्यात कंपनी सरकारने प्रतापसिंह महाराजांना गादीवरून दूर केले. पुढे महाराजांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला जाऊन राहिले, ते १८५३ पर्यंत. ज्या वर्षांत हा सातारकर वकील विलायतेत दारोदार फिरत होता, त्याच वर्षांत तेथे टॅलबट नावाचा गृहस्थ कागदावर छायाचित्र उतरवण्याची आपली रीत सुधारीत होता. १८४१ साली त्याने तिचे पेटंट घेतले. आज आपण ज्याला निगेटिव्ह म्हणतो आणि ज्यावरून हव्या तितक्या प्रती काढतो, त्याचे मूळ टॅलबटच्या या रीतीत आहे.

ही विद्या आपल्याकडे येण्यास फार वेळ लागला नाही. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान होते. हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारख्या एतद्देशीय माणसाने याच सुमारास मुंबईत छायाचित्रणाचा धंदा सुरू केला. आपल्या सांगलीच्या शेजारी, विजापूरच्या घुमटांची छायाचित्रे १८५५ साली टॉमस बिग्ज या लष्करी अधिकाऱ्याने सरकारी कामगिरी म्हणून काढली. म्हणजे युरोपात जे घडत होते त्याचे पडसाद आपल्या उंबरठ्यापर्यंत त्या काळीही येत होते.

पण नेमक्या याच काळात छायाचित्रकारांच्या लक्षात एक भयंकर गोष्ट आली. आठ-दहा वर्षांपूर्वी हौसेने काढलेली चित्रे आल्बमच्या आत, अंधारात, विटू लागली होती. ज्या कलेचा सारा डौल 'क्षण कायमचा पकडला' या वाक्यावर उभा होता, तिचे क्षण डोळ्यांदेखत निसटत होते. लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने १८५५ साली याचा तपास करण्यासाठी एक समिती नेमली. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी या कामासाठी ५० पौंड दिले. समितीने निष्कर्ष काढला तो असा: चित्रे विटण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे कागदात राहून गेलेला हायपो. हायपो हे स्वतः गंधकाचे संयुग आहे. तो नीट धुतला नाही तर कागदाच्या आतच गंधक सोडतो आणि दमटपणाची साथ मिळाली की चांदी पोखरतो. समितीने सुचवलेले उपायही साधे होते. चित्र भरपूर पाण्यात धुवावे, कोरड्या जागी ठेवावे, आणि बहुसंख्य सभासदांच्या मते, चित्र तयार करताना त्यावर कोणत्या तरी रूपात सोन्याची योजना करावी.

सोन्याची ही युक्ती त्याआधीच सापडलेली होती. फिझो नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने, ज्याने पुढे १८४९ साली प्रकाशाचा वेग मोजला त्यानेच, १८४० साली दागेरच्या चित्रावर सोन्याचे द्रावण ओतून त्याचे तेज आणि टिकाऊपणा वाढवून दाखवला होता. सोने सहजी कशात विरघळत नाही, पण अम्लराजात विरघळते. त्यातून गोल्ड क्लोराइड मिळते. त्याच्या अगदी पातळ द्रावणात चित्र बुडवले की चांदीच्या कणांवर सोने बसू लागते. आपल्या भाषेत या क्रियेला मुलामा हा नेमका शब्द आहे. तांब्याच्या दागिन्यावर मुलामा देतात तो गरिबी झाकण्यासाठी, येथे चांदीवर दिला तो चांदीला गंधकापासून वाचवण्यासाठी. १८५० साली अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेला कागद निघाला आणि पुढची तीस-चाळीस वर्षे जगभर तोच चालला. या कागदावरील लालसर, उग्र तपकिरी चित्राला सोन्याने शांत, जांभळट तपकिरी रंग येई. म्हणून एकोणिसाव्या शतकातील स्टुडिओत सोन्याचे पाणी ही रोजची वस्तू होती. तुमच्या घरात त्या काळचा एखादा जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला लहानसा फोटो असेल, तर त्यात चांदीबरोबर कणभर सोनेही असण्याचा संभव बराच आहे.

आता या हकीकतीतील सर्वांत विलक्षण वळण येते. त्या आरंभीच्या वर्षांत काही छायाचित्रकार चित्राला गोड रंग यावा म्हणून ते जुन्या, वारंवार वापरलेल्या हायपोत बराच वेळ ठेवीत. अशा हायपोतून गंधक सुटे आणि चित्र सुंदर जांभळट होई. गिऱ्हाईक खूश होई. परंतु हा सौदा उधारीचा होता. अर्धवट झालेली क्रिया आणि कागदात मागे राहिलेला मालमसाला यांनी काही वर्षांत तेच चित्र पिवळे होई. त्यामुळे गंधक म्हटला की छायाचित्रकार कानाला खडा लावू लागले. पण हळूहळू रसायनशास्त्राच्या जाणकारांच्या ध्यानात आले की, दोष गंधकाचा नसून अर्धवटपणाचा आहे. गंधकाने चांदीवर चोरपावलाने, तुकड्यातुकड्याने हल्ला केला की चित्र नासते. तीच चांदी आपण होऊन, एकदम आणि पुरती सल्फाइड करून टाकली, तर पुढे गंधकाला तेथे करण्यासारखे काही उरतच नाही. सिल्व्हर सल्फाइड हा फार स्थिर पदार्थ आहे. ज्याच्याकडून दरोड्याची भीती, त्यालाच गावचा रखवालदार नेमण्यासारखी ही युक्ती होती. रामोशांना गडकिल्ल्यांची राखण देणाऱ्या आपल्या पूर्वजांना ती चटकन समजली असती.

विसाव्या शतकाच्या आरंभापासून ही रीत स्टुडिओतून रूढ झाली. तिलाच सेपिया म्हणतात. तिची कृती दोन पायऱ्यांची आहे. तयार झालेला, नीट धुतलेला फोटो प्रथम पोटॅशियम फेरिसायनाइड व ब्रोमाइड यांच्या पिवळ्या द्रावणात सोडतात. पाहता पाहता चित्र फिके पडते. काळा कोट गवताच्या रंगाचा होतो, चेहरा तर नाहीसाच होतो. नवख्या माणसाच्या पोटात या वेळी गोळा येतो, कारण समोर कोरा कागद तरंगत असतो. मग तो धुऊन सोडियम सल्फाइडच्या द्रावणात टाकावयाचा. नासक्या अंड्यासारखा वास सुटतो आणि अर्ध्या मिनिटात चित्र पुन्हा उगवते, ते तपकिरी होऊन. हे काम अंधाऱ्या खोलीत न करता मागच्या पडवीत करीत. एक तर तो वायू विषारी, शिवाय त्याने खोलीतील न वापरलेला कागदही खराब होई. दुसरी एक रीत हायपो आणि आपली घरातली तुरटी यांची. हे मिश्रण सुमारे ५० अंशांपर्यंत तापवून त्यात फोटो ठेवीत. या रीतीला वेळ अधिक लागे, पण एका वेळी पुष्कळ फोटो निघत, म्हणून मोठ्या स्टुडिओंना ती परवडे.

इतके झाल्यावर प्रश्न मिटला असे वाटेल. पण सेपियालाही एक अडचण होती. सगळी चांदी तपकिरी झाली की काळ्या रंगाचा भरीवपणा जातो, चित्र थोडे मऊ पडते. कोटाचा काळा काळाच राहावा आणि चेहऱ्याला मात्र ऊब यावी, असे कारागिराला वाटे. येथे सेलेनियम मदतीला आले. गंधकाच्याच कुळातील हे मूलद्रव्य बर्झेलियसने १८१७ साली शोधले. त्याच्या द्रावणात फोटो सरळ बुडवावयाचा असतो, आधी विरघळवण्याची गरज नाही. त्याने काळा रंग अधिक गडद होतो, आणि काही कागदांवर वांग्यासारखी जांभळट झाक येते. सेलेनियम विषारी आहे, म्हणून हातमोजे आणि मोकळी हवा यांवाचून त्याच्या वाटेस जाऊ नये.

आता या दोन टोनरांच्या स्वभावांतील फरक पाहा. विरघळवणारे पिवळे द्रावण आधी पातळ चांदी खाते, म्हणजे चेहरा, पांढरे कपडे, आकाश. सेलेनियम आधी दाट चांदीला धरते, म्हणजे केस, कोट, सावल्या. सेलेनियम एकटे वापरले तर गडद भाग सुरक्षित होतो, पण चेहऱ्यातील विरळ चांदी उघडीच राहते. सेपिया हलका दिला तर चेहरा सुरक्षित होतो, पण सावल्या उघड्या राहतात. एकमेकांची उणीव भरून काढणारी अशी जोडी सापडल्यावर कारागिरांनी दोघांचा संसार मांडला. फोटो पिवळ्या द्रावणात थोडाच वेळ ठेवावयाचा, चेहरा फिका पडू लागला की लगेच काढावयाचा, सल्फाइड देऊन तेवढाच भाग तपकिरी करावयाचा, भरपूर धुवावयाचे आणि मग सेलेनियममध्ये सोडावयाचे. सावल्या गडद, चेहरा उबदार, आणि सगळीच चांदी झाकलेली. एकात दोन कामे साधत, रंगाचे आणि राखणीचे.

या कामात क्रमाला फार महत्त्व आहे. फोडणीत हळद आधी टाकली तर ती करपते आणि मोहरी मागून टाकली तर ती तडतडत नाही, हे हळदीच्या पेठेत राहणाऱ्या सांगलीकरांना ठाऊकच आहे. पहिल्या टोनरने जी चांदी बदलली ती दुसऱ्याच्या हाती फारशी लागत नाही. सेलेनियम आधी भरपूर दिले तर नंतरचे पिवळे द्रावण गडद भागाला हातच लावू शकत नाही. सोन्याचा स्वभाव तर याहून चमत्कारिक. साध्या काळ्या चांदीवर सोने दिले तर रंग निळसर होतो, आणि पुरत्या सेपिया केलेल्या फोटोवर तेच सोने दिले तर रंग विटेसारखा तांबूस होतो. म्हणून अर्धवट सेपिया करून मागून सोने दिले की एकाच फोटोत चेहरा केशरी आणि सावल्या निळसर अशी जोडी जमते. आमच्या रांगेतील निळ्या झाकेचा फोटो आठवा. त्याला सोन्याचे पाणी मिळाले असेल.

दुसरेही एक कारण असू शकेल, आणि ते सांगितले पाहिजे, नाही तर माझे म्हणणे एकांगी होईल. लोहाच्या क्षारांनी फोटोला चांगला निळा रंग येतो. हा निळा थोड्याशा सेपियावर चढवला तर हिरवा होतो. परंतु हा रंग अल्कलीपुढे टिकत नाही, साध्या पाण्यातही फार वेळ धुतला तर उतरू लागतो. म्हणजे सगळेच टोनर राखणदार नव्हेत. काही रंगासाठी असत, काही आयुष्यासाठी, आणि जो कारागीर दोहोंतला फरक जाणत होता त्याचे फोटो आज भिंतीवर आहेत.

हा फरक समजण्यासाठी आपल्या मुलखातील एक-दोन उदाहरणे उपयोगी पडतील. आज सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे असले तरी १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा होईपर्यंत, आणि १९६० साली त्याचे नाव सांगली होईपर्यंत, या भागाचा नकाशा जिल्हे आणि संस्थाने यांच्या ठिगळांचा होता. औंध संस्थानचाच मुलूख पाहा. राजधानी आजच्या सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी आणि कुंडल ही ठाणी आजच्या सांगलीत. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. औंधचे प्रसिद्ध संग्रहालय त्यांनीच १९३८ साली उभे केले. वेदांचे भाष्यकार पंडित सातवळेकर औंधास येऊन राहिले, त्यापूर्वी त्यांनी लाहोरमध्ये चित्रकला व छायाचित्रण यांचा स्टुडिओ चालवला होता. अशा या संस्थानातील कुंडलजवळच्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना घातला. लक्ष्मणराव चित्रकार व्हावयाचे म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले होते. तेथे त्यांना कळले की काही रंग आपणांस नीट ओळखता येत नाहीत. त्यांनी रंग सोडले आणि यंत्रांची रेखाटने हाती घेतली. त्याच किर्लोस्करवाडीतून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली आणि पुढे 'किर्लोस्कर', 'स्त्री' व 'मनोहर' ही मासिके महाराष्ट्राच्या घराघरांत गेली.

मासिक आले की फोटोला नवे काम लागते. छापण्यासाठी ब्लॉक करावयाचा तर कारागिराला तपकिरी फोटो नको असतो. त्याला चकचकीत, थंड काळा, रेखीव फोटो हवा. भिंतीवर लावावयाचा फोटो मात्र उबदार, तपकिरी असावा असे गिऱ्हाइकाला वाटे. म्हणून एकाच निगेटिव्हवरून दोन प्रकारच्या प्रती निघत. छापखान्याची प्रत बिनटोनिंगची, घाईत धुतलेली. तिचे आयुष्य अंक निघेपर्यंतचे. घरची प्रत टोनिंग केलेली, तिचे आयुष्य नातवंडांपर्यंतचे. आपल्या मुलखातील नाट्यवेड्या घरांतून नटांचे फोटोही जपलेले असत. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केले आणि १८८८ साली बालगंधर्वांचा जन्म नागठाण्याला झाला, तेव्हा ही हौस येथे असावी यात नवल नाही. असा एखादा फोटो आपल्या संग्रही असेल तर त्याचा रंग पाहावा. मासिकासाठी काढलेली प्रत आणि घरासाठी काढलेली प्रत ही चटकन वेगळी ओळखता येतात.

आता पाण्याविषयी दोन शब्द. १८५५ च्या समितीपासून सर्वांनी एकच गोष्ट घोकली आहे, फोटो भरपूर धुवा. जाड कागदातून हायपो पुरता निघावयास वाहत्या पाण्यात तासभर लागतो. दोन टोनर द्यावयाचे तर मध्येही धुणे आले. ज्या गावात पिण्याचे पाणी घागरीने मोजून वापरावे लागते, तेथे फोटोसाठी तासभर पाणी वाहू देणे ही चैन आहे. विटलेल्या फोटोकडे पाहून आपण फोटोग्राफरला नावे ठेवतो, पण त्या फोटोत कधी कधी एका कोरड्या उन्हाळ्याची हकीकतही दडलेली असू शकेल.

आणि कृष्णेच्या काठी उलट संकट. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. पूर ओसरल्यावर रस्त्यारस्त्यांवर भिजलेल्या संसाराचे ढीग पडले होते. अशा ढिगांत गाद्या असतात, वह्या असतात आणि चौकटीही असतात. येथे टोनिंगची मर्यादा प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. टोनिंग चांदीला वाचवते, जिलेटिनला नाही. पुराच्या पाण्यात जिलेटिन फुगते, वाळताना काचेला चिकटते आणि ओढले की चेहऱ्यासकट निघून येते. म्हणून भिजलेला फोटो कधीही कोरडा ओढू नये. तो स्वच्छ, गार पाण्यात ठेवून सावकाश सुटा करावा, चेहऱ्याची बाजू वर करून सावलीत वाळवावा. वेळ नसेल तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून बर्फाच्या कपाटात ठेवावा आणि सवडीने काढावा. पुराच्या गावात राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, कारण पूर पुन्हा येतो. तो २०२१ साली आलाच.

अलीकडच्या संशोधनाने या जुन्या विद्येला नवे महत्त्व आणले आहे. जगातील दप्तरखान्यांनी आपले कागद मायक्रोफिल्मवर उतरवले, आणि त्या फिल्ममध्येही चांदीच असते. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील रॉचेस्टर येथील प्रयोगशाळेत तपासणी झाली तेव्हा असे दिसले की, पातळ सेलेनियमवर जेवढा भरवसा ठेवला जात होता तेवढा ठेवता येत नाही. खरी राखण गंधकाच्या संस्काराने होते. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी ज्याला चोर ठरवले होते त्याच्याच हाती दप्तरखान्याच्या किल्ल्या देण्यात आल्या. सेपिया आणि सेलेनियम अशी जोडी लावणाऱ्या जुन्या कारागिराचा हातही योग्य दिशेनेच पडला होता.

यापुढची हकीकत आपणांस ठाऊक आहे. रंगीत फोटो आले. त्यांत शेवटी चांदी राहत नाही, रंगद्रव्ये राहतात, आणि १९७०-८० च्या सुमारास काढलेले असे पुष्कळ फोटो आज लालसर होऊन विटले आहेत. कित्येक घरांत आईच्या लग्नाचा फोटो उडाला आणि आजीच्या लग्नाचा शाबूत आहे. काळ्या-पांढऱ्या कामासाठी फिल्म आणि कागद देणारा उटकमंडचा सरकारी कारखाना १९६० साली स्थापन झाला, 'इंदू' या नावाने त्याचा माल देशभर गेला, आणि तोही कारखाना बंद पडला. आता फोटो मोबाइलमध्ये असतात. त्यांना विटण्याचे भय नाही, पण यंत्र बिघडले की एका क्षणात सर्वच जातात. टिकवण्यासाठी काहीतरी मुद्दाम करावे लागते, हा नियम मात्र जुन्या-नव्या दोहोंना लागू आहे.

म्हणून शेवटी एक विनंती करतो. आज घरी गेल्यावर त्या रांगेपुढे क्षणभर उभे राहा. विटू लागलेला फोटो ओलसर भिंतीवर असेल तर तेथून हलवा, उन्हात असेल तर सावलीत आणा आणि त्याची एक नक्कल करून ठेवा. मग चौकटीच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने त्या माणसाचे नाव, गाव आणि माहीत असेल तर साल लिहा. ज्या कारागिराने पडवीत नासका वास सोसून तो चेहरा शंभर वर्षे टिकवला, त्याने आपले काम केले आहे. पण तो चेहरा कोणाचा, हे त्याच्या रसायनांना सांगता येत नाही. ते सांगणारी म्हातारी माणसे आज आपल्या घरात आहेत, तोवरच ते विचारून घ्यावे.